गावाला गेल्यावर ठाण्यातला कॉम्प्युटर उघडायचाय? मग आधी घरचं नेट पडू देऊ नका

ज्यांचं काम घरच्या कॉम्प्युटरमध्येच अडकलेलं आहे अशी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत, कुणाचं टॅली आहे, कुणाचं ऑटोकॅड, कुणाचं डीटीपीचं जुनं सॉफ्टवेअर जे यूएसबीला डाँगल लावल्याशिवाय उघडतच नाही, आणि गणपतीला रत्नागिरीला नाहीतर साताऱ्याला पोचलं की नेमका क्लायंटचा फोन येतो, ते मागच्या महिन्याचं बिल जरा परत पाठवता का. रिमोटचं सॉफ्टवेअर, म्हणजे लांबून घरच्या कॉम्प्युटरची स्क्रीन उघडून तो चालवायचं, ते टाकणं हे काम सोपं आहे, थोड्या वेळात होतं. अवघड काय आहे तर आठवडाभर घरात कुणी नसताना ती लाइन आणि तो कॉम्प्युटर दोन्ही चालू राहणं. आणि इथे बहुतेक जण काय करतात तर १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा करून टाकतात. काही उपयोग नाही हो त्याचा. साध्या ऑफिसच्या कामाला रिमोट डेस्कटॉप दोन-चार एमबीपीएसमध्ये व्यवस्थित चालतो, आणि त्यातही घरचा अपलोड आणि गावच्या मोबाइलचा डाउनलोड यातलं जे कमी असेल तेवढंच मिळणार. त्यामुळे पैसे घालायचेच असतील तर स्पीडवर नाही, लाइन न पडण्यावर घाला.

खाली विजेपासून सुरुवात करून कॉम्प्युटरपर्यंत आलोय, कारण बिघाड शोधायलाही तोच क्रम बरा पडतो.

आधी लाइट

ठाणे शहर आणि नवी मुंबईत वीज महावितरणची, कळवा-मुंब्रा-शीळ पट्ट्यात १ मार्च २०२० पासून टोरंट पॉवर बघतं. वीज कुणाचीही असो, पावसाळ्याच्या तोंडावर देखभालीचे शटडाऊन असतात आणि पहिल्या वादळी पावसात फांद्या पडून लाइट जाते हे आपल्याला नवीन नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला तर सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची एकदम गेली होती, लोकल जागच्या जागी थांबल्या, काही भागांत कित्येक तास आली नाही, आणि तेव्हा अर्धं शहर घरून काम करत होतं. पण असे मोठे प्रकार क्वचित. रोजचा त्रास असतो तो दोन सेकंदांच्या झटक्याचा. दोन सेकंद लाइट गेली तरी राउटर पहिल्यापासून सुरू होतो, परत लाइन पकडायला त्याला काही मिनिटं लागतात, आणि डेस्कटॉप असेल तर तो बंद होतो तो बंदच राहतो.

राउटरसाठी मिनी यूपीएस घ्या. हा छोटा डबा असतो, आत लिथियमचे सेल, अडॅप्टर आणि राउटर यांच्यामध्ये लावायचा. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरची पाठ वाचा, तिथे आउटपुट लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा १२ व्होल्ट आणि १, १.५ किंवा २ अँपिअर, काही छोटे राउटर ९ व्होल्टचेही असतात. व्होल्ट अगदी तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. पिनही बघून घ्या, बाहेरून सारख्या दिसल्या तरी आतलं भोक २.१ आणि २.५ मिलिमीटर असं दोन प्रकारचं येतं आणि चुकीची पिन लावली की हलवलं की बंद होणारं कनेक्शन तयार होतं, जे शोधायला फार डोकं खातं. फायबरचा डबा आणि वायफायचा राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप हवा, एकाला देऊन काही होत नाही. किती वेळ चालेल हे डब्यावरच्या मोठ्या आकड्यावरून ठरवू नका. १०,००० एमएएच लिहिलेलं असलं तरी ते ३.७ व्होल्टच्या हिशेबाने असतं, म्हणजे ३७ वॉट-तास, त्यात थोडी गळती धरा, आणि राउटर साधारण १० वॉट खातो, म्हणजे तीन तासांच्या आसपास. आपल्याकडच्या नेहमीच्या शटडाऊनला तेवढं बऱ्याचदा पुरतं.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे किंवा पुढे यूपीएस आणि नॉर्मल असा एक स्विच असतो तो बघा. नॉर्मलवर असेल तर पंखे-दिवे छान चालतात पण लाइट जाताना बॅटरीवर यायला जो वेळ लागतो तेवढ्यात कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. यूपीएसवर टाका.

आता घरातलं राजकारण. आपल्या घरांत गावाला जाताना गॅसचा कॉक आणि मेन स्विच बंद करायची पद्धत असते आणि ती चुकीची नाहीये, पण मेन बंद केला तर पुढचं सगळं वाचून काय फायदा. मी काय करतो, मेन चालू ठेवतो आणि डीबीमधले, म्हणजे घरातल्या विजेच्या स्विचच्या पेटीतले, गिझर, एसी, किचनच्या पॉइंटचे छोटे स्विच (एमसीबी) खाली पाडतो, फक्त ज्या सर्किटवर राउटर आणि कॉम्प्युटर आहे तेवढंच वर. याने आईचं समाधान होतं आणि दुसरा फायदा जास्त मोठा आहे. पावसात कुठल्या तरी गिझरमध्ये किंवा गॅलरीतल्या ओल्या पॉइंटमध्ये गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी नावाचा स्विच पडतो, आणि तो आपोआप वर येत नाही, कुणीतरी हाताने चढवावा लागतो, मग तुम्ही गावात बसून काहीही करा. मात्र नुसता फेजचा एमसीबी पाडल्याने न्यूट्रलची गळती सुटतेच असं नाही, म्हणून गिझर, मिक्सर, वॉशिंग मशीन वगैरेंचे प्लग काढूनच ठेवा.

बिल्डिंगमधला डबा

हे कुणी सांगत नाही आणि इथेच सगळे फसतात. घरचा राउटर यूपीएसवर दिमाखात चालू, वायफाय दिसतंय, पण नेट नाही. कारण काय तर तुमच्या घरात येणारी वायर.

घरात बारीक, काळी किंवा पांढरी फायबर येत असेल आणि ती पॉन नावाचा दिवा असलेल्या डब्यात जात असेल तर तुम्ही सुखी आहात, कारण त्या पद्धतीत बिल्डिंगमध्ये जो स्प्लिटर असतो त्याला वीज लागतच नाही, तो नुसता काचेचा फाटा असतो. वीज लागते ती थेट ऑपरेटरच्या एक्स्चेंजला आणि तिथे बहुतेक वेळा त्यांचा बॅकअप असतो. पण घरात निळी किंवा करडी लॅन केबलच येत असेल, जी गच्चीवरून किंवा डक्टमधून खाली येते, तर गच्चीवर, मीटर रूममध्ये नाहीतर जिन्यात कुठेतरी ऑपरेटरचा एक स्विच लावलेला असतो आणि त्याला वीज लागते. बिल्डिंगची लाइट गेली की तो मेला. घरी कितीही बॅटऱ्या लावा.

यावर उपाय दोन. पहिला, ऑपरेटरला सांगून घरापर्यंत फायबर ओढून घ्या, आता बऱ्याच ठिकाणी देतात. दुसरा, घोडबंदर रोडला किंवा खारघर-ऐरोलीच्या नव्या टॉवरमध्ये राहत असाल तर लिफ्ट आणि जिन्याच्या दिव्यांना जनरेटर असतो, सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून तो स्विच त्या कॉमन लाइनवर घ्यायला सांगा, दहा-वीस वॉटचा प्रश्न आहे, पण विचारल्याशिवाय कुणी करत नाही. वाशी-नेरुळच्या जुन्या सिडकोच्या चार मजली बिल्डिंगमध्ये लिफ्टच नाही तर जनरेटर कुठला, तिथे फायबरच्या मागे लागा.

फायबर असेल तर अजून एक गोष्ट जाण्याआधी बघून ठेवा. डब्यावर एलओएस नावाचा लाल दिवा लागत असेल तर लाइन तुटलीये किंवा कुठेतरी जोरात वाकलीये. पण तुटण्याच्या आधीचीही पायरी असते. राउटरच्या पानावर, म्हणजे ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा राउटरच्या खाली जो पत्ता छापलाय तो टाकून, ऑप्टिकल किंवा पॉन स्टेटसमध्ये आरएक्स पॉवर नावाचा आकडा दिसतो. उणे १५ ते उणे २४ डीबीएममध्ये असेल तर छान. उणे २७ च्या जवळ गेला असेल तर आज चालतंय म्हणून गप्प बसू नका, पाऊस पडला, वायर थोडी ताणली गेली, की गेलीच. जाण्याच्या आठवडाभर आधी लाइनमनला बोलवा आणि तो आकडा दाखवा, नुसतं नेट स्लो आहे म्हणालात तर तो राउटर रिस्टार्ट करून चहा पिऊन जाईल. कपाटामागे फायबर चेंगरलेली असते, बऱ्याचदा तेवढंच कारण निघतं.

लाइन आहे पण लॉगिन गेलं

छोट्या केबल ऑपरेटरांकडे अजूनही ब्राउझरमध्ये पान उघडून युजरनेम-पासवर्ड टाकायची पद्धत सापडते. ते सेशन ठराविक वेळाने संपतं आणि मग घरात कुणी नसलं की खेळ खल्लास. ऑपरेटरला सांगायचं की पीपीपीओई करून द्या, म्हणजे युजरनेम-पासवर्ड राउटरमध्येच बसतो आणि राउटर स्वतः लॉगिन करतो, किंवा निदान मॅक पत्त्यावर, म्हणजे राउटरच्या ओळख क्रमांकावर, बांधून द्या.

पीपीपीओई आधीच असेल तर राउटरच्या वॅन (बाहेरून येणारी लाइन) सेटिंगमध्ये जाऊन कनेक्शन मोड बघा. तिथे ऑटो, ऑन डिमांड आणि मॅन्युअल असे प्रकार असतात. ऑन डिमांड असेल तर काही वेळ घरातून कुणी नेट वापरलं नाही की राउटर स्वतःच लाइन सोडतो, बऱ्याच मॉडेलमध्ये हा वेळ १५ मिनिटं असतो. ही सोय मिनिटावर पैसे मोजायच्या काळातली आहे, आता तिचा काही अर्थ नाही, आणि बाहेरून येणाऱ्या माणसाला ती लाइन उठवता येत नाही कारण मागणी आतून यावी लागते. मोड ऑटो करा किंवा मॅक्स आयडल टाइम शून्य करा, शून्य म्हणजे कधीच सोडू नको. एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार, १४९२ आहे ना तेही बघा, नाहीतर कनेक्ट होतं पण स्क्रीन काळीच राहते असले विचित्र प्रकार होतात.

आणि रिचार्ज! प्लॅन कधी संपतो बघा. आधीच भरून टाका. याच्यावर अजून लिहायची गरज नाही.

बाहेरून आत यायचा रस्ता

आता थोडं समजून घ्यावं लागेल. राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे बाहेरच्या लाइनवरचा राउटरचा पत्ता, बघा, आणि मग गूगलवर व्हॉट इज माय आयपी टाकून येणारा आकडा बघा. दोन्ही सारखे असतील तर तुमच्याकडे खरा पब्लिक आयपी आहे. वेगळे असतील, विशेषतः राउटरमधला १०० ने सुरू होत असेल आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे ऑपरेटरने कित्येक घरांना मिळून एकच बाहेरचा आयपी दिलाय. आपल्याकडे घरगुती प्लॅनमध्ये हेच सर्रास असतं. अशा वेळी जुन्या लेखांत लिहिलेलं पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला राउटरमधून थेट कॉम्प्युटरकडे पाठवायची सोय, तुम्ही रात्रभर बसून केलंत तरी चालणार नाही, चूक तुमची नसते, दरवाजा तुमच्या हातातच नाही. ऑपरेटरकडून वेगळे पैसे देऊन स्टॅटिक आयपी घेता येतो, पण नुसत्या स्वतःच्या कॉम्प्युटरसाठी मी तरी घेणार नाही.

त्यापेक्षा घरच्या कॉम्प्युटरनेच आतून बाहेर कनेक्शन धरून ठेवायचं. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्रोम रिमोट डेस्कटॉप, रस्टडेस्क हे सगळे असेच चालतात, म्हणून सीजीनॅट असूनही चालतात. एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर फुकटात फक्त वैयक्तिक वापराला आहेत, धंद्याच्या वापराचा संशय आला की मध्येच कनेक्शन तोडतात, त्यामुळे क्लायंटचं काम असेल तर त्यांच्यावर फुकटात विसंबू नका. माझी पसंती टेलस्केलला. त्यात घरचा कॉम्प्युटर आणि तुमचा लॅपटॉप एकाच खासगी नेटवर्कमध्ये येतात, आतून वायरगार्ड नावाचं व्हीपीएन वापरतं, आणि मग त्यावरून विंडोजचा स्वतःचा रिमोट डेस्कटॉप चालवायचा. विंडोज होम असेल तर मात्र रिमोट डेस्कटॉप आत घेत नाही, त्याला प्रो लागतं, होमवाल्यांनी टेलस्केलवरून रस्टडेस्क वापरावं किंवा सरळ क्रोमवालं घ्यावं.

टेलस्केलमध्ये दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. एक, विंडोजवर त्याच्या मेनूत रन अनअटेंडेड चालू करा, नाहीतर कॉम्प्युटर रिस्टार्ट होऊन लॉगिनच्या स्क्रीनवर थांबला की टेलस्केलही थांबलेलं असतं. दोन, प्रत्येक मशीनची चावी मुळात १८० दिवसांनी संपते, त्यांच्या अॅडमिनच्या पानावर जाऊन घरच्या मशीनसाठी की एक्स्पायरी बंद करा, नाहीतर सहा महिने सुरळीत चाललेलं नेमकं दिवाळीत बंद पडेल आणि परत लॉगिन करायला घरीच यावं लागेल.

कनेक्शन शांत बसलं की तुटतं ते का

तुम्ही जोडलेले असता, जेवायला उठता, परत येता तर स्क्रीन गोठलेली. याचं कारण नॅट, म्हणजे एकाच बाहेरच्या आयपीवर आतली अनेक उपकरणं चालवायची सोय. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन कसा, वहीत लिहून घेतो की हा माणूस अमुक फ्लॅटचा, मग त्याच्यासाठी आलेलं पार्सल वर पाठवतो, पण बराच वेळ काही हालचाल दिसली नाही की नोंद खोडून टाकतो, आणि नंतर पार्सल आलं की म्हणतो असं कुणी इथे राहत नाही. राउटर आणि ऑपरेटरचं सीजीनॅट दोन्ही असंच करतात. डेटा पाठवायच्या यूडीपी आणि टीसीपी अशा दोन पद्धती आहेत. यूडीपीची नोंद निदान दोन मिनिटं आणि शक्यतो पाच मिनिटं ठेवावी असं इंटरनेटच्या मानकांत म्हटलंय पण प्रत्यक्षात बरेच डबे तीस सेकंदांतच खोडतात. टीसीपीला जास्त वेळ मिळायला हवा, मानकाप्रमाणे २ तास ४ मिनिटं, पण तेही सगळे पाळत नाहीत, आणि विंडोज-लिनक्स मुळात दोन तासांनी एकदा जिवंत आहेस का असं विचारतात, म्हणजे तोवर नोंद गेलेली असू शकते.

उपाय एकच, मध्ये मध्ये छोटं पॅकेट पाठवत राहायचं. वायरगार्ड स्वतः सेट करत असाल तर घरच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा, मुळात तो बंद असतो हे लक्षात ठेवा, आणि घरच्याच बाजूला ठेवायचा कारण नॅटच्या मागे ते आहे. एसएसएच (लांबच्या मशीनवर कमांड चालवायची पद्धत) वापरणाऱ्यांनी आपल्या लॅपटॉपच्या कॉन्फिगमध्ये सर्व्हर अलाइव्ह इंटर्व्हल ३० किंवा ६० करावा. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपला ग्रुप पॉलिसीत कीप-अलाइव्हची वेगळी सेटिंग आहे, एक मिनिट ठेवा. टेलस्केल, एनीडेस्क वगैरे हे स्वतः सांभाळतात. यात डेटा अगदी नगण्य जातो, त्याची काळजी नको.

कॉम्प्युटर झोपतो

एवढं सगळं करून शेवटी बऱ्याच वेळा लाइन ठणठणीत असते आणि कॉम्प्युटर झोपलेला असतो. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्लग लावलेला असताना स्लीप नेव्हर, हायबरनेट नेव्हर, स्क्रीन मात्र खुशाल बंद होऊ दे. लॅपटॉप असेल तर झाकण बंद केल्यावर काहीच करू नको असं निवडा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवायला हे उपकरण बंद करायची परवानगी अशी एक खूण असते ती काढा. मॅकवर डिस्प्ले बंद असताना आपोआप झोपू नकोस आणि वीज गेल्यावर आपोआप सुरू हो, अशा दोन सेटिंग आहेत, दोन्ही चालू.

डेस्कटॉप असेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगच्या पानावर, जाऊन रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस असं काहीतरी शोधा, प्रत्येक कंपनीचं नाव थोडं वेगळं असतं, ते पॉवर ऑन करा. मग लाइट गेली, यूपीएसही संपला, तरी लाइट आल्यावर मशीन स्वतः उठतं. मला विचाराल तर ही एक सेटिंग या सगळ्या लेखातली सगळ्यात कामाची आहे. तपासून बघा पण, खरी परीक्षा मशीन चालू असताना वीज जाण्याची, म्हणून आधी सगळ्या फायली सेव्ह करून, बायोसच्या पानावरच थांबून मागचा स्विच बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा, तिथे डिस्क खराब व्हायची भीती नाही.

विंडोज अपडेट रात्री स्वतः रिस्टार्ट करतं. जाण्याआधी सगळे अपडेट करून घ्या आणि मग एक-दोन आठवड्यांसाठी पॉज करा. बिटलॉकरला (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं फीचर) सुरू होताना पिन मागायची सवय लावलेली असेल तर रिस्टार्टनंतर तो तिथेच अडकेल, ऑफिसच्या मशीनमध्ये हे असतं. आणि ऑफिसच्याच लॅपटॉपवर हे उद्योग करत असाल तर नकोच, कंपनीच्या मशीनवर स्वतःचं रिमोट सॉफ्टवेअर टाकल्याबद्दल आयटीवाल्यांचा फोन येतो, आणि बरोबर येतो.

कॉम्प्युटर चोवीस तास चालू ठेवायचा नसेल तर वेक ऑन लॅन आहे, म्हणजे नेटवर्कवरून एक पॅकेट पाठवून झोपलेला कॉम्प्युटर उठवायचा, पण त्याला घरातच चालू असलेलं दुसरं काहीतरी लागतं जे ते पॅकेट पाठवेल, रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर किंवा ती सोय असलेला राउटर, आणि लॅनची वायर लागते, वायफायवर त्याच्या नादी लागू नका. बिलाचा हिशेब असा की ६० वॉटचा डेस्कटॉप महिनाभर अखंड चालला तर ४३ युनिट, आणि जुना लॅपटॉप किंवा छोटा मिनी पीसी १० वॉटवर बसून राहिला तर सातेक युनिट. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते हा वेगळा फायदा, फक्त चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती लावा, बंद घरात मे महिन्याच्या उकाड्यात महिनाभर शंभर टक्क्यांवर ठेवलेली बॅटरी फुगू शकते. आणि मशीन कपाटात कोंबू नका. काही डेस्कटॉपना मॉनिटर पूर्ण काढला की रिमोटमध्ये काळी किंवा अगदी लहान स्क्रीन दिसते, त्यासाठी एचडीएमआयचा डमी प्लग मिळतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल, स्वस्त असतो.

दुसरा रस्ता

काम पैशाचं असेल तर दुसरी लाइन हवीच. राउटरला यूएसबी असेल आणि त्यात फोरजी डाँगल चालत असेल तर मुख्य लाइन पडली की त्याच्यावर जायचं असं सेट करता येतं, याला फेलओव्हर म्हणतात, तिथे दोन्ही लाइन एकदम वापरणारं लोड बॅलन्स निवडू नका, त्याने चालू कनेक्शन उगाच इकडून तिकडे होतं. दुसरी लाइन मुद्दाम वेगळ्या प्रकारची घ्या. दोन्ही केबलवाल्यांच्या फायबर त्याच खांबावरून, त्याच डक्टमधून येत असतील तर खोदकामात दोन्ही एकदम जातात. आपल्याकडे रस्ता खोदलेला नाही असा महिना सापडत नाही. मोबाइलच्या सिमचा रिचार्ज वेगळा लक्षात ठेवायचा.

राउटर अडकून बसतो तेव्हा काय, तर बऱ्याच राउटरमध्ये ठरलेल्या वेळी रिबूट करायची सोय असते, आठवड्यातून एकदा पहाटे लावून ठेवा. भिंतीवरच्या टायमर सॉकेटची आयडिया बरेच जण देतात, पण मिनी यूपीएस लावला असेल तर टायमरने वीज कापली तरी राउटर बॅटरीवर चालूच राहतो, रिबूट होतच नाही. त्यामुळे आतली सोय वापरा. आणि शेजारच्या काकूंकडे किल्ली द्या. त्यांना राउटर, मोडेम, पॉन काही सांगायचं नाही, डब्याच्या मागच्या बटणावर लाल चिकटपट्टी लावून ठेवायची आणि फोनवर म्हणायचं, लाल पट्टीचं बटण दाबा, दहापर्यंत मोजा, परत दाबा. त्याच बटणाचा एक फोटो व्हॉट्सअॅपवर आधीच पाठवून ठेवा.

दार उघडं ठेवू नका

पब्लिक आयपी असला तरी रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट थेट बाहेर उघडू नका. इंटरनेटवर असली पोर्टं शोधत चोवीस तास रोबोट फिरत असतात, पासवर्ड मारून बघत असतात, आणि २०१९ मध्ये ब्लूकीप नावाचं भोक सापडलं होतं त्यात तर जुन्या विंडोजमध्ये पासवर्डचीही गरज नव्हती. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. टेलस्केलसारख्या खासगी नेटवर्कच्या आत असेल तर ही भीती बरीच कमी होते. ज्या खात्याने लॉगिन करता तिथे दोन टप्प्यांची ओळख लावा.

आणि घरच्यांना एक सांगून ठेवा. तुम्ही एनीडेस्क वापरता हे बघून बाबांना ते नाव ओळखीचं होतं, मग केवायसीवाला फोन आला आणि त्याने तेच टाकायला सांगितलं की त्यांना संशय येत नाही. २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनेही या अॅपवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल सावध केलं होतं. तसं काही झालंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.

निघण्याआधी

बॅग भरायच्या आधी निदान दोन दिवस तरी हे सगळं चालवून बघा. मोबाइलचं वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर लॅपटॉप जोडून आत जा, घरच्या वायफायवरून जोडलं तर ते आतल्या आतच जोडलं जातं आणि काहीच सिद्ध होत नाही. मग राउटर मुद्दाम बंद-चालू करा आणि काहीही न करता परत जोडता येतं का बघा. मग कॉम्प्युटर रिमोटवरूनच रिस्टार्ट करा आणि लॉगिनच्या स्क्रीनपर्यंत पोचता येतं का बघा. मग मेन स्विच पाच मिनिटं पाडा. विंडोजचा रिमोट डेस्कटॉप तुमचा चार आकडी पिन घेत नाही, खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो, आणि तो बऱ्याच जणांना आठवतच नसतो, तो आत्ताच बघून घ्या.

गावाला पोचल्यावर नेटवर्क एक काडी असेल तर रिझोल्यूशन कमी करा, रंग १६ बिटवर आणा, घरच्या मशीनचा वॉलपेपर काढून टाका, बराच फरक पडतो. मराठी टाइप करायचं असेल तर हातातल्या लॅपटॉपचा कीबोर्ड इंग्रजीवरच ठेवा आणि भाषा घरच्या मशीनवर बदला, दोन्हीकडे मराठी केलं की अक्षरांची खिचडी होते. मोठी फाइल रिमोटमधून खेचू नका, घरच्या मशीनवरूनच ड्राइव्हला टाका आणि क्लायंटला लिंक पाठवा, गावच्या नेटवर्कवर भार येत नाही. काम झालं की फक्त डिस्कनेक्ट करा. सवयीने शटडाऊन दाबलंत तर मशीन परत उठायला काकूच लागतील.